आईसाठी ई-रीडर: खरेदीआधीच्या नोंदी

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५, सातारा

भाऊबीज होऊन तीन दिवस झाले, पाहुणे गेले. दिवाळी अंकांचा गठ्ठा टेबलावर जसाच्या तसा आहे. एरवी पाडव्यापर्यंत आईचे दोन अंक वाचून होतात, यंदा एकही उघडलेला नाही. विचारलं तर म्हणाली, "धरवत नाही गं." उजव्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय हे डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. तिचं वाचन डोळ्यांमुळे नाही, हातामुळे थांबलंय, हे मला आज कळलं.

स्वयंपाकघरातला काटा आणून तिची पुस्तकं तोलली. पुठ्ठा बांधणीची ऐतिहासिक कादंबरी १,०६० ग्रॅम. दिवाळी अंक ५४० ग्रॅम, शिवाय तो मधोमध वाकतो, म्हणजे दोन्ही हात लागतात. पोथी व्यासपीठावर असते, तिचा प्रश्न नाही. माझा फोन १९४ ग्रॅम. तो ती अर्धा तास सहज धरते, पण त्यावर कादंबरी वाचायला तयार नाही. म्हणते, दिव्याकडे बघत बसल्यासारखं वाटतं.

तेव्हा ई-रीडर घ्यायचा. बजेट वीस हजार. भाचा २० डिसेंबरला टोरांटोहून येतोय. तिकडून काही मागवायचं असेल तर त्याआधी ठरलं पाहिजे.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

आईने विचारलं, फोनपेक्षा यात वेगळं काय? सांगण्याआधी मलाच नीट समजून घ्यावं लागलं. ई-इंकच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात. त्यांत पांढरे आणि काळे कण तरंगतात, दोन्हींवर उलटा विद्युतभार. खालून व्होल्टेज दिलं की एक रंग वर येतो, दुसरा तळाला जातो. एकदा वर आलेले कण तिथेच राहतात, म्हणून वीज लागते ती पान उलटताना. वाचताना पडदा स्वतः प्रकाश देत नाही, खोलीतला उजेड परतवतो, कागदासारखाच. रात्रीसाठी कडेला बारीक एलईडी असतात, पण त्यांचा प्रकाश पडद्यावर पडतो, मागून डोळ्यांत येत नाही.

ही कल्पना अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधली, कंपनी निघाली १९९७ साली. सोनीने २००४ मध्ये जपानात या पडद्याचा पहिला रीडर विकायला काढला, किंडल २००७ च्या नोव्हेंबरात आलं. आज किंडल, कोबो, बूक्स कुठलाही घेतला तरी पडदा याच एका कंपनीचा असतो. त्यामुळे "कोणाचा पडदा चांगला" यावर मी फार वेळ घालवणार नाही. एकच आकडा पाळायचा: इंचाला ३०० ठिपके. जुन्या स्वस्त रीडरवर १६७ असायचे. रोमन लिपीला तेवढे पुरतात, पण आपल्या जोडाक्षरांची पोटं त्यात भरून जातात.

शनिवार, १ नोव्हेंबर

चाचणीचं पान तयार केलं. हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इंग्रजी पुस्तकं बघून रीडर निवडला आणि मराठी उघडल्यावर पाय मोडलेली अक्षरं दिसली, तर काय उपयोग? पानावर या ओळी घातल्या:

"आचार्यास बोलवा, आचाऱ्यास नको."
"दर्यात होड्या, दऱ्यांत धुकं."
"ऱ्हस्व नव्हे, ह्रस्व. वाङ्मय, कर्तृत्व, हृदय, द्व्यर्थी, तऱ्हा."
"ॲप, ऑगस्ट, बॅट, बाळ, लोकशाही, ५, ८, ९."

पहिल्या दोन ओळींत सगळी मेख आहे. अर्धा 'ऱ' आणि रफार यांतला फरक रीडरने गिळला, तर गुरुजींना बोलवायच्या जागी स्वयंपाकी येईल आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होईल. 'लोकशाही' आहे ती ल आणि श साठी. मराठी ल ला दोन पाकळ्या, मराठी श ला गाठ. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात हीच रूपं प्रमाण ठरवली आहेत, पण पुष्कळ फाँट मुळातून हिंदी वळणाचे ल-श दाखवतात. आईने आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांची अक्षरं घोटून घेतली आहेत. तिला हे पहिल्या ओळीत खटकणार.

पान युनिकोडमध्ये टाइप केलं, कॅलिबर या ई-बुकं बनवायच्या सॉफ्टवेअरमधून ईपब आणि किंडलसाठी एझेडडब्ल्यू३ अशा दोन फाइली काढल्या. फाइलच्या आत भाषा 'मराठी' अशी नोंदवली. ती नोंद नसेल तर मराठी रूपं असलेला फाँटसुद्धा ती वापरत नाही. पहिल्या वेळी तिथे इंग्रजी राहिलं होतं. कॅलिबरमध्ये उघडून 'एमआर' केलं.

रविवार, २ नोव्हेंबर

दोन यंत्रांवर चाचणी.

पहिलं, शेजारच्या काकांच्या कपाटातला जुना रीडर, कंपनीचं नाव पुसलेलं. मराठी उघडतं, पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी. 'वाङ्मय' तीन तुकड्यांत. काका म्हणाले, "म्हणून तर कपाटात आहे." फाँट बदलून पाहिला, फरक नाही. दोष फाँटात नसून अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनात आहे. देवनागरीत अक्षरं एकापुढे एक मांडून भागत नाही. वेलांटी आधी आणायची, अर्धं अक्षर जोडायचं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, हे सगळं कोणीतरी करावं लागतं. जुनी इंजिनं ते करत नव्हती.

दुसरं, कार्यालयातल्या मैत्रिणीचं २०२१ चं किंडल पेपरव्हाइट: ६.८ इंच, ३०० ठिपके, २०५ ग्रॅम. चारही ओळी स्वच्छ. आचारी आणि आचार्य वेगळे! आईला दाखवलं, तिने भिंग न मागता वाचलं. प्रकाश थोडा पिवळसर करून दिला, तेव्हा म्हणाली, "हा जुन्या पुस्तकाचा कागद."

कव्हरसकट वजन ३१८ ग्रॅम निघालं. कव्हर घ्यायचंच असेल तर त्याचं वजन धरूनच तुलना करायची, हे लिहून ठेवते. जाहिरातीत ते कधी धरलेलं नसतं.

आता हात. आई रीडर डाव्या हातात धरते आणि दुखऱ्या अंगठ्याने पडद्याच्या कडेला टेकू देते. पडदा स्पर्शाचा, त्यामुळे टेकू दिला की पान उलटतं. उलटू नये म्हणून ती अंगठा अधांतरी ठेवते आणि दहा मिनिटांत तोच दुखायला लागतो. तिला टेकायला रुंद कड आणि दाबायला बटण हवं. किंडलमध्ये शेवटी बटणं होती ती ओॲसिस या मॉडेलला, आणि तो २०२४ पासून बंद झाला. नवा, २०२४ चा पेपरव्हाइट सात इंची आहे, २११ ग्रॅम, इथे १६,९९९ रुपयांना आला. चांगलाच आहे, पण बटण नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पुस्तकांची यादी. हे काम खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं. आईला विचारलं, वाचायची राहिलेली आणि पुन्हा वाचायची अशी ४० नावं सांग. तिने दोन दिवस घेऊन लिहून दिली, लेखक, प्रकाशक सगळं.

त्यातली १३ किंडलच्या मोठ्या परदेशी दुकानात ई-बुक म्हणून मिळाली. (किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरात सुरू झाली, हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमबरोबर. त्याआधी हा प्रश्नच नव्हता.) मराठी ई-बुकं विकणाऱ्या आपल्याकडच्या दुकानांत १९ मिळाली, त्यातली ५ दोन्हीकडे आहेत. म्हणजे एकूण २७. राहिलेल्या १३ पैकी ६ पुस्तकांची जुनी स्कॅन केलेली पीडीएफ आहे, बाकी कुठेच नाहीत.

मग अडचण लक्षात आली. आपल्या दुकानांतली ई-बुकं त्यांच्या त्यांच्या अॅपमध्येच उघडतात. फाइल हातात येत नाही, म्हणून किंडलवर किंवा कोबोवर नेता येत नाही. उलट किंडलची पुस्तकं किंडलबाहेर जात नाहीत. विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून वायरीने रीडरमध्ये घालायची सोयसुद्धा २६ फेब्रुवारी २०२५ ला काढून टाकली. म्हणजे यंत्र निवडताना मी खरं तर पुस्तकांचं दुकान निवडतेय. पेपरव्हाइट घेतला तर आईच्या यादीतली १४ पुस्तकं बाहेर राहतात, आणि तिने 'आधी हे' म्हणून खूण केलेली तीनही त्यातलीच.

रविवार, ९ नोव्हेंबर

पीडीएफचं गणित. हे कोणीतरी मांडून ठेवलेलं असतं तर माझा आठवडा वाचला असता, म्हणून सविस्तर.

डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकाराचं पान साधारण १४० मिलिमीटर रुंद असतं. सहा इंची पडद्याची रुंदी ९१ मिलिमीटर, सात इंचीची १०७. छापील अक्षर १४ पॉइंटचं धरलं, तर अख्खं पान सहा इंचीवर बसवल्यावर ते ९ पॉइंटचं होतं, सात इंचीवर साडेदहाच्या पुढे. पण पानाच्या कडा कापल्या तर मजकुराची रुंदी १०५ मिलिमीटरच राहते. मग सात इंचीवर अक्षर छापलं तेवढंच, १४ चं दिसतं. सहा इंचीवर १२ चं. रीडर आडवा धरला तर सात इंचीची रुंदी १४२ होते, अक्षर जवळपास १९ पॉइंट, मात्र अर्धंच पान एका वेळी.

आईला किती लागतं? कागदावर एकच वाक्य १० ते २० पॉइंटमध्ये छापून तिच्यापुढे ठेवलं. १२ ला कपाळावर आठी, १४ 'चालेल', १६ ला पाठ टेकून वाचायला लागली. म्हणजे विकतच्या ई-बुकात अक्षर हवं तेवढं होतं, प्रश्नच नाही. स्कॅन पुस्तकांसाठी सात इंची, आडवा, कडा कापून. सहा इंची रीडर यादीतून काढून टाकला.

दिवाळी अंकाची पीडीएफ मात्र जमत नाही. पान २१० मिलिमीटर रुंद, दोन स्तंभ, मध्येच चित्रं. सात इंचीवर १२ चं अक्षर ६ पॉइंटचं होतं. १०.३ इंची पडद्यावरही ९ च. आणि तो बूक्स गो १०.३ घेतला तर ३७५ ग्रॅम, कव्हर वेगळं. अंकांसाठी म्हणून मोठं यंत्र घ्यायचं नाही. अंक मी वाचून दाखवीन. रात्री जेवणानंतर एक कथा, असं आज ठरलं आणि आजच सुरुवात झाली.

एक फसलेला प्रयत्न. एका प्रकाशकाकडून रीतसर विकत घेतलेली पीडीएफ कॅलिबरमधून ईपब करायला गेले. मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा आला. पीडीएफ युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेली आहे: पडद्यावर 'क' दिसतो, आत मात्र भलतीच रोमन खूण असते. आपल्याकडची असंख्य पुस्तकं अशीच जुळवलेली आहेत. ती दिसतात मराठी, पण शोधता येत नाहीत, अक्षर मोठं करून पुन्हा ओळी पाडता येत नाहीत, आंधळ्या माणसाला यंत्राकडून वाचून घेता येत नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. एवढ्या मेहनतीने छापलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नाहीच.

शनिवार, १५ नोव्हेंबर

भाच्याशी व्हिडिओ कॉल. त्याच्याकडे कोबो लिब्रा कलर आहे. कंपनी त्याच्याच गावची, टोरांटोची. सात इंच, १९९.५ ग्रॅम, पाण्यात पडला तरी चालतो. एका बाजूची कड रुंद आणि जाड, तिच्यावर पान उलटायची दोन बटणं. उलटा धरला की मजकूर आपोआप फिरतो, म्हणजे डावा-उजवा दोन्ही हात चालतात. आईसाठी केल्यासारखाच आकार! पडदा रंगीत आहे. काळं-पांढरं ३०० ठिपक्यांत, रंग १५० त. रंगाची जाळी वर असल्याने कागद थोडा करडा दिसतो, असं तो म्हणाला. आईच्या पुस्तकांत रंग लागत नाही.

त्याला चाचणीचं पान आणि 'तिरो देवनागरी मराठी' हा मोफत फाँट पाठवला. यात ल, श मुळातच मराठी वळणाचे आहेत. कोबोत 'फाँट्स' नावाचा फोल्डर करून फाइल टाकली की झालं. त्याने केओरीडर हे वाचनाचं मोफत सॉफ्टवेअरही घातलेलं आहे. कोबोवर ते कंपनीचं कुलूप न तोडता बसतं, किंडलवर तोडावं लागतं. ते अक्षरं जुळवायला हार्फबझ हे इंजिन वापरतं, त्यामुळे देवनागरीची चिंता नाही. फोटो आला: चारही ओळी बरोबर, श ची गाठसुद्धा जागच्या जागी.

दोन दिवस वाटत होतं की हाच. पण दुकानाचा प्रश्न तिथेच आहे. स्वतः घातलेल्या फाइलींना उत्तम, अॅपमधल्या १९ पुस्तकांना उपयोग नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पुण्याच्या मावसबहिणीकडून बूक्स गो ७ चार दिवसांसाठी आणला. सात इंच, काळा-पांढरा, ३०० ठिपके, १९५ ग्रॅम, रुंद कडेवर दोन बटणं. आत अँड्रॉइड आहे, म्हणून मराठी दुकानांची अॅप चालतात, किंडलचंही चालतं. केओरीडरही घातलं. तीनही ठिकाणी चाचणीचं पान किंवा नमुना प्रकरण उघडून बघितलं, अक्षरं नीट.

खटकलेल्या गोष्टी लगेच लिहिते, नंतर कौतुकात विसरायला होईल. सुरू केल्यावर फोनसारखी चिन्हांची गर्दी. एका अॅपमध्ये पान सरकण्याची हालचाल बंद करता येत नाही, त्यामुळे आधीच्या पानाची पुसट सावली राहते. बॅटरी तीन आठवडे सोडा, वायफाय चालू ठेवलं तर आठवडाभरही नीट जाईल असं दिसत नाही. आणि बजेटच्या सहा हजार वर.

केलेले बदल: पहिल्या पानावर चारच चिन्हं ठेवली. वायफाय बंद, पुस्तक घ्यायचं तेव्हाच चालू. सूचना सगळ्या बंद. दर पाच पानांनी पडदा पूर्ण पुसायचा. बटणं दोन अॅपमध्ये थेट चालली. तिसऱ्यात आवाजाच्या बटणांची जागा त्यांना दिली, मग चालली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

यंत्र परत करायचा दिवस. चार दिवसांत आईने 'आधी हे' मधलं पहिलं पुस्तक १४२ पानांपर्यंत वाचलं. मी मध्ये पडले नाही, फक्त बघत होते. पहिल्या दिवशी तिने बटण अंगठ्याने दाबलं, दुसऱ्या दिवशी रीडर उलटा करून डाव्या हातात घेतला आणि उजवा हात मांडीवर ठेवून दिला. तो हात तसाच राहिला, सव्वा तास. मला बाकी तुलनेची गरजच उरली नाही.

पोथीवर मात्र अडलं. ओव्यांची फाइल मराठी विकिस्रोतावरून ईपब म्हणून उतरवून घेतली होती. अक्षर २० चं केलं की ओवीचा चरण मध्येच तुटून खालच्या ओळीवर येतो. आई म्हणाली, "असं म्हणता येत नाही, श्वास तुटतो." १६ वर आणलं, समास कमी केले, रीडर आडवा केला, चरण अखंड बसला. तरी पोथी ती व्यासपीठावरचीच वाचणार आहे, आणि ते मला पटतं.

रविवार, ३० नोव्हेंबर

ठरलं, बूक्स गो ७. सहा हजारांचा फरक भावाने उचलला. भाच्याला कळवलं, आणू नकोस. कव्हर घेतलं नाही. त्याऐवजी आईनेच जुन्या इरकलीच्या काठाची, आत फलालीन लावलेली पिशवी शिवायला घेतली आहे. वाचताना यंत्र पिशवीबाहेर, म्हणजे १९५ ग्रॅमच.

स्कॅन पुस्तकांपैकी दोन प्रताधिकारातून मोकळी आहेत. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. म्हणजे १९६४ पर्यंत गेलेल्या लेखकांचं लेखन यंदा मोकळं आहे. या दोन्हींचे लेखक त्याच्या कितीतरी आधीचे. त्यांचा मजकूर टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरने अक्षरओळख करून खऱ्या युनिकोडमध्ये आणतेय. टेसरॅक्टला मराठी येतं, पण जुन्या खिळ्यांच्या छपाईत घ चा ध, भ चा म होतो. रोज वीस पानं तपासून होतात.

रविवार, १४ डिसेंबर

यंत्र येऊन आठवडा झाला. पहिल्या मोकळ्या पुस्तकाची फाइल गुरुवारी आईला दिली होती. आज सकाळी तिने पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवलेल्या चुका हातात दिल्या. शाळेतल्या वहीसारखा, पान आणि ओळीसकट तक्ता. पान ११, 'धर' नव्हे 'घर'. पान १७, 'मला' नव्हे 'भला'. पान २३, 'खतः' हा शब्द नाही, 'स्वतः' असणार. पान ४०, 'सुर्या' काय आहे, 'सुऱ्या' कर, पाटावर ठेवलेल्या आहेत. एकूण ३१ चुका. खाली एक ओळ: "पान ५२ वर 'ळ' सगळीकडे बरोबर आला आहे."

दुपारी कॅलिबरच्या संपादकात ३१ ही दुरुस्त केल्या, फाइल पुन्हा घातली. ५२ व्या पानापासून पुढे तिने वाचायला सुरुवात केली आहे.